प्रिंटरवर लिंबू पिळणारे मापसाहेब

प्रिंटर घ्यायला जाताना खिशात लिंबू घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता.

पवनीच्या बाजारात पप्पूभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान तेव्हा नवीनच उघडलं होतं. काउंटरवर एक इंकजेट आणि एक लेझर असे दोन प्रिंटर चालू करून ठेवलेले. घरमालक काकांनी दोन्हींवर एकेक पान छापायला लावलं, पानं शेजारी शेजारी मांडली, शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं लिंबू काढलं आणि दोन्ही पानांवर शांतपणे पिळलं. मोबाईलच्या रिचार्जसाठी उभी असलेली एक बाई घाबरून मागे सरकली. साहेब दुकानाची नजर उतरवून राहिले, असं तिला वाटलं. पप्पूभाऊंना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण गिऱ्हाईक वयानं मोठं, शिवाय वजनमापं खात्यातून रिटायर झालेलं, म्हणून त्यांनी नुसतं फडकं हाताशी घेतलं.

इंकजेटच्या पानावरचा निळा रंग रसाबरोबर वाहत काउंटरच्या काठापर्यंत आला. लेझरचं पान भिजलं, पण छपाई जागची हलली नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, म्हणून जाणकार या नात्यानं मला सोबत नेलं होतं, आणि मी पक्की इंकजेटच्या बाजूची होते. मी म्हटलं, काका, घरात कागदावर लिंबू पिळतं कोण? त्यावर ते म्हणाले, "सैपाकघरात कशाकशावर काय काय सांडते, ते तुमचं लगन झाल्यावर समजन तुमाले, मॅडम."

मी तेवीस वर्षांची होते आणि ते मला मॅडम म्हणायचे. भाडेकरूला अहो-जाहो केलं की भाडेकरू घर नीट ठेवतो, असा त्यांचा अनुभव होता.

गावात त्यांना मापसाहेब म्हणत. वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर म्हणून त्यांची सारी नोकरी जुन्या भंडारा जिल्ह्यात गेली. पुढे गोंदिया वेगळा झाला आणि त्यांनी पायाखाली घातलेली अर्धी गावं दुसऱ्या जिल्ह्यात गेली, याचा त्यांना खरोखरीचा राग होता. मले न विचारता नेली, म्हणायचे. रिटायर होऊन बराच काळ लोटला होता, तरी आठवडी बाजारात ते शिरले की कोंढा गावाकडून वांगी घेऊन आलेले लोकसुद्धा तराजूची दोरी सरळ करायचे. काका नुसते काट्याकडे पाहत उभे राहायचे. एखादा दुकानदार मालाची तारीफ करायला लागला की हात वर करून त्याला थांबवायचे आणि म्हणायचे, "सांगू नोका, दाखवा."

हे त्यांचं पेटंट वाक्य. कंपनीनं खोक्यावर काय लिहिलं आहे, जाहिरातीत कोण काय म्हणतं, शेजाऱ्याचा अनुभव काय, यातलं काही ते जमेस धरत नसत. छत्री घेतली ती हातपंपाखाली उघडून धरली. टॉर्च ओट्यावरून खाली पाडून पाहिला. भंडाऱ्याला गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या गादीवर आडवे झाले आणि खरोखर झोपी गेले. दुकानदारानं उठवलं तर म्हणाले, चांगली आहे, बांधा. मला वरची खोली देण्याआधी त्यांनी मला जिना चढून उतरून दाखवायला लावला. मला वाटलं म्हातारा चक्रम आहे. तसा तो होताच. पण कारण वेगळं होतं. काकू दुपारी जिन्याखालच्या खोलीत झोपायच्या आणि भाडेकरूचा पाय किती वाजतो ते काकांना ऐकायचं होतं.

काकू म्हणजे या माणसाच्या अगदी उलट. त्यांचा सगळा कारभार सांगण्यावर चाले. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे फुलं ठेवली की त्या छपरीत, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, येऊन बसत, आणि मग गल्लीतून जाणारा कोणीही न बोलता पुढे जाऊ शकत नसे. कोणाची पोरगी कुठे दिली, कोणाच्या धानाला लोंबी आली, विहारात पौर्णिमेच्या खिरीत साखर कोणी कमी टाकली, सगळं त्यांच्याकडे जमा व्हायचं आणि तिथूनच वाटलं जायचं. मला स्वयंपाक येत नाही ही बातमी मी राहायला आल्याच्या आठवड्यातच गावाला कळली, ती त्याच छपरीतून. आणि या सगळ्या बोलण्याच्या मध्ये मध्ये एक हाक असायची, "अजी". चष्मा सापडत नाही, अजी. दूध उतू चाललं, अजी. काही काम नसलं तरी अजी. काका कुठेही असले तरी "हो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

नदीवरून मासे घेऊन येणाऱ्या भागरथाबाईशी काकूंची रोजची लढाई असायची. टोपली छपरीत उतरली की दोघी एकमेकींच्या सात पिढ्यांची विचारपूस करत भाव पाडायच्या आणि चढवायच्या. मासा घेतला जायचाच, न घेतल्याचं मला आठवत नाही. पण भांडल्याशिवाय घेतला तर तो शिजत नसावा, असा दोघींचा थाट असे. मी वरून ऐकत बसायची. मला करमणुकीला टीव्ही लागत नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी काकूंना लकवा मारला. नागपूरला नेलं, जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज सगळी शाबूत होती. कोण आलं, कोण काय म्हणालं, सगळं कळायचं. अक्षर मात्र डोळ्यांसमोर हलायचं म्हणून वाचता येईना, आणि डाव्या हातानं लिहिणं कधी जमलंच नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना चित्रांची कार्डं करायला सांगितलं. पाण्याचं चित्र, जेवणाचं चित्र, बाई बोट ठेवून सांगतील. आणि हेही बजावलं की हे लवकर सुरू करा, कारण सांगून काही उपयोग नाही असं एकदा माणसाच्या मनानं घेतलं की वाचा परत आली तरी तो बोलत नाही.

काकांनी एवढंच वाक्य घरी आणलं. ते मला जिन्यात गाठून सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण हातातली किल्ली कुलुपात जाईना.

सुरुवातीला आम्ही पप्पूभाऊंकडून कार्डं छापून आणली. पण प्रत्येक कार्डासाठी बाजारात जा, मोठं करून मागा, परत या, हे चालणारं नव्हतं. प्रिंटर घरातच हवा, असं ठरलं. माझ्याकडे जुना कॉम्प्युटर होता, तो मी खाली आणून बसवला. आता प्रश्न एवढाच राहिला, कोणता प्रिंटर. आणि प्रश्न मापसाहेबांच्या हाती पडल्यावर त्याचं काय होतं ते मी लिंबापासून सांगितलंच आहे.

मी इंकजेटची वकिली मन लावून केली. रंग येतो. फोटो खरा वाटतो. आजारी माणसाला राखेसारखं काळं-पांढरं चित्र काय दाखवायचं? मशीन स्वस्त पडतं, लहान असतं, आवाज करत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांगू नोका मॅडम, दाखवा." मग ते माझ्या क्लासमध्ये येऊन बसले. उन्हाळ्याच्या सुटीनंतर आमच्या इंकजेटचं काय झालं होतं हे त्यांनी माझ्या विद्यार्थिनींकडूनच काढून घेतलं. भर मे महिन्यात बंद राहिल्यामुळे त्याच्या नळ्यांत शाई वाळून बसली होती आणि छापलेल्या प्रत्येक चेहऱ्यावरून पांढऱ्या रेघा जात होत्या. त्या काढायला मशीन साफ करायचं म्हटलं की निम्मी शाई तेच पिऊन टाकायचं. विदर्भात राहून ही गोष्ट मी लपवायला नको होती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

लेझरलाही त्यांनी सोडलं नाही. त्यात शाई नसते, कोरडी पावडर असते, ती तापवून कागदावर चिकटवतात, म्हणून वाळण्याचा प्रश्न नाही, हे त्यांना पटलं. पण तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. पप्पूभाऊंकडून तासाभरासाठी घरी आणलेला लेझर इन्व्हर्टरवर लावताच इन्व्हर्टर किंचाळला आणि काकूंच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला. तो गुण इंकजेटला मिळाला. मी दिवसभर खुशीत होते.

मी म्हटलं, इंकजेटचं कार्ड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेऊ, मग पाणी लागलं तरी हरकत नाही. तेही करून पाहिलं. काकूंची खाट छपरीत, उजेड समोरून यायचा, आणि प्लास्टिक असं चमकायचं की चित्रच दिसायचं नाही. काकांनी काकूंच्या उशीवर स्वतःचं डोकं ठेवून पाहिलं आणि लॅमिनेशन रद्द केलं.

लिंबाचा प्रयोग दुसऱ्यांदा झाला तेव्हा पप्पूभाऊंनी हात जोडले. म्हणाले, साहेब, दोन्ही मशीनं घरी घेऊन जा, पाहिजे ते करा, बाजाराच्या दिवसापर्यंत एक परत आणा, पण दुकानात लिंबू आणू नका.

झालं. घराची प्रयोगशाळा झाली. अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून पानं लटकू लागली. प्रत्येक चित्र जोडीनं, एक रंगीत, एक काळं. कुठलं उन्हात उडतं, कुठलं दवात फुगतं, कुठलं हळद-तेलाच्या बोटानं पुसलं जातं, याची काका सकाळ-संध्याकाळ पाहणी करत. गल्लीतले लोक विचारू लागले, साहेब निवडणुकीला उभे राहून राहिले का? रंगाची खरी परीक्षा व्हावी म्हणून मी माझ्या कॅमेऱ्यानं भागरथाबाईच्या टोपलीतल्या माशांचे फोटो काढले. ओल्या माशाच्या अंगावरची झाक जो प्रिंटर पकडेल तो खरा, असं माझं मत होतं. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे, सगळे जोडीजोडीनं दोरीवर चढले. भागरथाबाई म्हणाली, माणसाचे फोटो काढाचे सोडून मासोळीचे काहून काढून राहिली बाई. मी तिला इंकजेट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

या सगळ्या गडबडीत कामाची गोष्ट मात्र होत नव्हती. आम्ही पाणी, जेवण, दवाई, पंखा, डॉक्टर, संडास अशी कार्डं दोन्ही मशीनांवर झकास छापली होती. काका ती काकूंपुढे धरायचे. काकू एकदा पाहायच्या आणि तोंड भिंतीकडे करायच्या. रंगीत असो, काळं असो. बोट कशावरही ठेवायच्या नाहीत. तहान लागली तरी ठेवायच्या नाहीत. पाणी आम्ही अंदाजानंच द्यायचो. दिवस जात होते आणि काकू रोज थोडा जास्त वेळ भिंतीकडे पाहत होत्या. त्यांच्या खाटेशेजारून जाताना मला पाय वाजवायची भीती वाटायची. आता कोणी झोपमोड झाली म्हणून ओरडणार नव्हतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

मी म्हणायची, चित्र अजून रंगीत करू. काका म्हणायचे, अजून मोठं करू. आम्ही दोघं हट्टाला पेटलो होतो. बाजाराचा दिवस उद्यावर आला, आणि त्या सकाळी भागरथाबाई टोपली घेऊन छपरीत उतरली.

मासे घ्यायचं काम आता काकांकडे आलं होतं. वजनात त्यांना जगात कोणी फसवू शकत नव्हतं, पण माशातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. भागरथाबाईनं शिंगाडा वर काढला. काकांनी काटा पाहिला, काटा बरोबर होता, म्हणाले, दे. तेवढ्यात खाटेवरून धप्प असा आवाज आला. काकूंनी डाव्या हाताचा तळवा खाटेच्या लाकडी पाटीवर आपटला होता.

काका धावले. पाण्याचं कार्ड पुढे धरलं. काकूंनी ते हातानं झटकून खाली पाडलं. मी दवाईचं धरलं. तेही खाली गेलं. मी घाबरले, मला वाटलं पुन्हा झटका आला. मग काकूंनी हात उचलला. बोट अंगणातल्या दोरीकडे होतं.

काकांना वाटलं पानांमुळे उजेड अडतो आहे. ते दोरीवरचं एकेक पान काढू लागले. काकू डोकं हलवून नाही म्हणत होत्या. वामच्या जोडीला नाही, झिंग्यांना नाही. काकांचा हात मरळीच्या जोडीवर गेला आणि काकूंनी डोळे घट्ट मिटून उघडले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेलं "हो" तेच होतं, आणि घरी आल्यापासून ते आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं.

भागरथाबाईचं तोंड पाहण्यासारखं झालं. तिच्या टोपलीच्या तळाशी पळसाच्या पानांखाली एक मरळ झाकून ठेवलेली होती, दुसऱ्या घरी द्यायची. पानांतून शेपटी तेवढी बाहेर आली होती, आणि खाटेवरून काकूंनी ती पाहिली होती. भागरथाबाईनं काकांच्या हातून मरळीचं रंगीत पान घेतलं, जवळून पाहायला. तिचे हात ओले. मरळीचा सगळा रंग तिच्या तळव्यावर उतरला. तिनं तळवा लुगड्याला पुसला, मरळ वर काढली आणि भाव सांगितला.

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला वाटलं, गेलं, पुन्हा मिटल्या. पण भागरथाबाईला त्या फिरवण्यातला फरक कळला. तिनं भाव उतरवला. काकूंचं तोंड अर्धं इकडे आलं. तिनं आणखी थोडा उतरवला आणि वर म्हणाली, याच्याखाली तर मी माझ्या सासूलेबी देणार नाही. काकूंनी तिच्याकडे सरळ पाहिलं आणि तळवा पाटीवर हळूच आपटला. व्यवहार ठरला. भागरथाबाई मासा ठेवून उठली, काकूंच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आली जी वापस. थेच नखरे आहेत."

त्या दिवशी काका फार वेळ पायरीवर बसून राहिले. आत मरळ शिजत होती. ती मीच शिजवत होते आणि काकू खाटेवरून माझ्या पळीकडे संशयानं पाहत होत्या. काका उठून चुलीपाशी आले आणि माझ्याशी कधी बोलत नसत तसं हळू बोलले. "मॅडम, आपली चूक झाली. आपन काटाच तपासत बसलो, पारड्यात माल चुकीचा ठेवला. हिले काही मांगाचं नाही. हिले भांडाचं आहे."

 इतके दिवस आम्ही आजारी बाईसाठी कार्डं करत होतो, आणि काकूंनी आजारी बाई व्हायला साफ नकार दिला होता.

दुसऱ्या दिवशी इंकजेट पप्पूभाऊंकडे परत गेला. माझा मुख्य मुद्दा मरळीनंच निकालात काढला होता. काकांनी दोन्ही मरळी पुन्हा काकूंपुढे धरल्या होत्या, रंग उडालेली आणि काळी, आणि काकूंनी काळी ओढून घेतली. डोक्यावरून आणि खवल्यांवरून मासा ओळखणाऱ्या बाईला रंगाची गरज नव्हती. आणि ही कार्डं आता ओल्या हातांत, हळदीत, चहात, माशाच्या टोपलीशेजारी फिरणार होती. तिथे लेझरच टिकणार होता. वीज असेल तेव्हाच छापायचं, एवढी अट काकांनी मान्य केली आणि लोडशेडिंगच्या वेळा भिंतीवर लावल्या. मी स्वतः आजही घरात इंकजेटच वापरते, फोटोंसाठी, आणि आठवड्यातून एकदा न विसरता एक पान छापते, म्हणजे शाई वाळत नाही. माझं मत मी बदललेलं नाही. पण कोणी मला विचारलं की घरासाठी कोणता घेऊ, तर मी आधी विचारते, कागद कोणाच्या हातात जाणार आहे?

मग खरी कार्डं सुरू झाली. गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो काढले, चेहऱ्यांची कार्डं झाली. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीचं कार्ड झालं. ते चेहऱ्याशेजारी ठेवलं की "हिचं जमलं का" असा अर्थ. नाक मुरडलेल्या भागरथाबाईचं कार्ड झालं, त्याचा अर्थ शिळं. आणि काकांनी स्वतः डोकं लढवून दोन कार्डं केली. त्यांच्याकडे नोकरीतला एक पितळी तराजू होता. एका फोटोत दोन्ही पारडी समान, म्हणजे खरं. दुसऱ्या फोटोत एका पारड्यावर कोणाचं तरी बोट दाबलेलं आणि तराजू कललेला, म्हणजे खोटं. ते बोट काकांचंच होतं. आयुष्यभर पकडलेला गुन्हा एकदा तरी स्वतः करून पाहावा लागला, असं ते म्हणाले.

कललेल्या तराजूची पहिली शिकार मी झाले. एका रविवारी नवी साडी नेसून मी खाली उतरले आणि लाखनीला घरी जाऊन येते म्हणाले. काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कार्ड पुढे सरकवलं. मी भंडाऱ्याला एका मुलाला भेटायला चालले होते. पुढे त्याच्याशीच माझं लग्न झालं, पण ती बातमी माझ्या आईच्या आधी पवनीला कळली. छपरी पुन्हा भरू लागली. लोक आधी सहानुभूतीनं यायचे, मग तराजूच्या भीतीनं खरं बोलायचे. विहारातल्या खिरीचा हिशेबसुद्धा पुन्हा काकूंपुढे ठेवला जाऊ लागला.

स्वतःचं कार्ड मात्र काकांनी केलं नव्हतं. मी तर समोरच आहो, माझं काय काम, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी एक दिवस सगळे चेहरे खाटेवर पसरले, शोधले, पुन्हा शोधले आणि शेवटी काकांच्या छातीवर बोट टेकवलं. काकांनी निमूट फोटो काढून घेतला. नोकरीतला गंभीर चेहरा केला होता, कॉलरचं बटण लावून. ते कार्ड काकू बाकीच्यांत ठेवत नसत, उशीशी असे. काका हवे असले की अंगठ्याखाली तो चेहरा दाबून धरायच्या आणि कार्डाची कड खाटेच्या पाटीवर वाजवायच्या. टक टक. ते "अजी" होतं. पूर्वी "हो" म्हणून जागचे न हलणारे काका आता टक टक ऐकून अंगणातून धावत यायचे. यात काकूंचा फायदाच झाला, असं मी म्हटलं तर काकूंनी मला समान तराजू दाखवला.

लग्नानंतर मी भंडाऱ्याला गेले. येणंजाणं होतं, पण मध्ये बरीच वर्षं गेली. गेल्या वेळी गेले तेव्हा छपरीत दोघंही होती, दोघांचे केस पूर्ण पांढरे. काकूंना आता "हो" आणि "नाई" म्हणता येतं, "बाई" म्हणता येतं. "अजी" मात्र परत आलं नाही. भागरथाबाईची सून मासे घेऊन येते आणि सासूपेक्षा लवकर भाव उतरवते, अशी तक्रार काकांनीच सांगितली.

आणि मग अर्थातच त्यांनी कार्डांचा डबा आणला. जुनी माणसं नातवंडांचे फोटो दाखवतात तसं हे. हे पाहा मॅडम, हळद आहे, चित्र आहे का नाही? हे चहात पडलं होतं. हे तर भागरथाबाईच्या टोपलीत जाऊन दोन दिवसांनी वापस आलं, मिशीचा केसबी हलला नाही. आता सांगा, इंकजेट टिकला असता काय? मी मान्य केलं. डबा माझ्या मांडीवर होता आणि मी एकेक कार्ड पाहत होते. तेवढ्यात उशीशेजारी ठेवलेलं एक कार्ड माझ्या हाती आलं. त्यावर चित्रच नव्हतं. मधोमध कागद पांढरा पडला होता, घासून घासून मऊ झालेला. कडेला तेवढा एक कान उरला होता, आणि खाली कॉलरचं लावलेलं बटण.

काकांनी ते माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. ही चौथी कॉपी आहे, म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. मग आपला नेहमीचा करडा आवाज लावून म्हणाले, "याच्यातली पावडर कच्ची होती, मॅडम. कंपनीनं माल हलका भरला."

काकूंनी डावा हात लांब केला. डब्यातून न शोधता एक कार्ड काढलं आणि काकांच्या गुडघ्यावर ठेवलं. कललेला तराजू.

 काकांनी इन्व्हर्टरच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होता, वीज होती. ते उठले, आत जाऊन प्रिंटरचं बटण दाबलं, आणि मशीन तापेपर्यंत, छापायचा फोटो तोच जुना असूनही, आरशासमोर उभे राहून कॉलरचं बटण लावू लागले.